छावणी क्रमांक ६० मधील ख्रिस्तमंदिर

डिसेंबर उजाडला की आपल्या गावोगावची तरुण मंडळी नाताळचा गोठा उभारण्याच्या खटपटीस लागतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, खोक्यांचे पुठ्ठे, भाताचा पेंढा, विटांचे तुकडे, कोणाच्या तरी माळ्यावरचा मोडका कंदील असे जे हाती लागेल ते गोळा होते. वडीलधारी माणसे प्रथम या पसाऱ्यावर कुरकुरतात आणि आठ-दहा दिवसांनी त्याच पसाऱ्यापुढे गुडघे टेकून हात जोडतात. टाकाऊ वस्तूंचे पूज्य वस्तूत रूपांतर होताना आपण दरवर्षी पाहतो. ते इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटतही नाही.

दुसऱ्या महायुद्धात, स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेस असलेल्या एका उजाड बेटावर, काही इटालियन युद्धकैद्यांनी अशाच पसाऱ्यातून एक ख्रिस्तमंदिर उभे केले. ते आजही उभे आहे. आपल्या पाहुण्यांना ते आवर्जून दाखवणारे बेटवासी बहुतांशी प्रॉटेस्टंट परंपरेचे आहेत आणि ज्या कैद्यांनी ते बांधले ते त्यांच्या देशाचे शत्रू होते. हे कसे घडले याचा इतिहास आपल्या वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ एका दुर्घटनेपासून करावा लागतो. ऑर्कनी द्वीपसमूहातील बेटांनी वेढलेला स्कापा फ्लो नावाचा विस्तीर्ण जलाशय हे ब्रिटिश आरमाराचे मोठे आश्रयस्थान होते. बेटांमधील पूर्वेकडच्या चिंचोळ्या खाड्या बंद करण्यासाठी तेथे जुनी जहाजे मुद्दाम बुडवून ठेवलेली होती, आणि या अडथळ्यांतून कोणी आत येऊ शकणार नाही अशी समजूत होती. १४ ऑक्टोबर १९३९ च्या मध्यरात्रीनंतर ती समजूत खोटी ठरली. गुंटर प्रीन या जर्मन अधिकाऱ्याने यू-४७ ही पाणबुडी भरतीच्या पाण्यावरून, बुडवलेल्या जहाजांच्या फटीतून आत आणली आणि नांगरलेल्या ‘रॉयल ओक’ या युद्धनौकेवर पाणतीर सोडले. नौका थोड्याच मिनिटांत बुडाली. ८३० हून अधिक माणसे दगावली. त्यांत शंभराहून अधिक तर मिसरूडही न फुटलेली पोरे होती, कारण त्या काळी ब्रिटिश आरमारात किशोरवयीन मुलांची भरती होत असे.

विन्स्टन चर्चिल तेव्हा आरमार खात्याचे मंत्री होते. पूर्वेकडील खाड्या कायमच्या बुजवून टाकाव्यात असा आदेश त्यांनी दिला. मेनलँड हे मुख्य बेट आणि लॅम होम, ग्लिम्स होम, बरी व साउथ रोनाल्डसे ही चार बेटे यांच्यामध्ये चार बांध घालावयाचे होते. काही ठिकाणी पाणी अठरा मीटरपर्यंत खोल, आणि भरती-ओहोटीचा प्रवाह असा की टाकलेला दगड जागेवर राहू नये. त्यासाठी जाळीच्या गाठोड्यांत बांधलेले अडीच लाख टन दगड पाण्यात सोडण्यात आले आणि त्यांवर पाच-पाच व दहा-दहा टनांचे काँक्रीटचे ठोकळे रचण्यात आले. अशा ठोकळ्यांची संख्या ६६,००० च्या घरात जाते.

इतक्या कामाला माणसे कोठून आणावयाची? तरुण पुरुष तर सारे रणांगणावर. याच सुमारास उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात मुसोलिनीचे सैन्य हजारोंच्या संख्येने इंग्रजांच्या हाती सापडले होते. (त्यांपैकी कित्येक हजार जहाजांनी मुंबई बंदरात उतरवून योल, डेहराडून, भोपाळ आणि बंगलोर येथील छावण्यांत ठेवले होते. तेही प्रकरण कोणीतरी सविस्तर लिहिण्याजोगे आहे.) १९४२ च्या आरंभी सुमारे १,३०० इटालियन कैदी ऑर्कनीत आणले गेले. त्यांतील कित्येक शेकडा लॅम होमवर आले. आपल्या अर्नाळ्याच्या बेटाची आठवण व्हावी असे ते लहानसे बेट, पण अर्नाळ्यासारखी वस्ती त्यावर नाही, झाड नाही, आडोसा नाही. लिबियाच्या उन्हात रापलेली ही माणसे उत्तर समुद्राच्या बोचऱ्या वाऱ्यात येऊन पडली. तेथील वसाहतीला नाव नव्हते, फक्त क्रमांक होता. छावणी क्रमांक ६०.

कैद्यांनी प्रथम काय केले असेल? त्यांनी संप केला. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्यांकडून प्रत्यक्ष युद्धकार्याशी संबंध असलेले काम करून घेता येत नाही, आणि हे बांध आरमाराच्या रक्षणासाठी आहेत हे शेंबड्या पोरालाही कळण्यासारखे होते. अखेर त्यांना असे समजावण्यात आले की हे बांध म्हणजे बेटांना जोडणारे रस्ते आहेत, स्थानिक लोकांच्या सोयीसाठी. ही शब्दांची हातचलाखी होती हे उघड आहे. इतिहासाची गंमत अशी की कालांतराने ती खरी ठरली. बांध पूर्ण होऊन त्यांचे रीतसर उद्घाटन झाले ते १२ मे १९४५ रोजी, म्हणजे युरोपातील युद्ध संपल्यानंतर. आरमाराला त्यांचा उपयोग होण्याची वेळ निघून गेली होती. बेटवासी मात्र आजतागायत त्यांवरून ये-जा करीत आहेत.

कैद्यांचे दिवस ठोकळे ओतण्यात जात. संध्याकाळी आणि रविवारी त्यांनी आपल्या त्या उघड्याबोडक्या छावणीकडे लक्ष वळवले. झोपड्यांमधील चिखलात काँक्रीटच्या वाटा घातल्या, फुलझाडांचे वाफे केले, नाटकासाठी जागा केली, खेळण्यासाठी चक्क काँक्रीटचे बिलियर्ड टेबल बनवले. छावणीच्या चौकात एखादा पुतळा हवा असे त्यांना वाटले. उत्तर इटलीतील डोलोमाइट पर्वतराजीतील मोएना गावचा डोमेनिको कियोकेत्ती हा चित्रकार त्यांच्यात होता. त्याने काटेरी तार वाकवून, पिळून तिचा सांगाडा केला आणि त्यावर सिमेंटचा लेप चढवून घोड्यावर स्वार झालेला, अजगराचा वध करणारा संत जॉर्ज उभा केला. ज्या तारेने त्यांना कोंडले होते तीच तार संताच्या अंगात हाडांसारखी बसली. कियोकेत्तीने हे प्रतीक म्हणून योजले असेल असे मला वाटत नाही. त्याला सळ्या मिळत नव्हत्या, काटेरी तार मिळत होती, इतकेच.

छावणीत उणीव होती ती प्रार्थनामंदिराची. मेजर बकलंड हे छावणीप्रमुख समंजस गृहस्थ होते. पुढे १९४३ मध्ये कैद्यांसाठी फादर जियाकोबाझ्झी हे धर्मगुरू आले, त्यांनीही या मागणीचा पाठपुरावा केला. त्याच वर्षी ८ सप्टेंबर रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली होती आणि कालचे शत्रू पुरते शत्रू राहिले नव्हते. वर्षाच्या अखेरीस परवानगी मिळाली आणि दोन निस्सेन शेड कैद्यांच्या हवाली करण्यात आल्या. निस्सेन शेड म्हणजे नालीदार पत्रा अर्धगोल वाकवून जमिनीवर उपडा घातलेला, जणू आडवा चिरून पालथा ठेवलेला पिंप. सैनिकी सामान आणि सैनिक दोहोंसाठी त्यांचा उपयोग होई. याहून कुरूप वास्तू शोधून सापडणे अवघड.

या दोन पिंपांची टोके एकमेकांना जोडून एक लांबट दालन करण्यात आले. आतील नाली पुठ्ठ्यासारख्या गिलाव्याच्या फळ्यांनी झाकल्या. मग वेदीपासून कामास सुरुवात झाली. वेदी, तिच्यापुढचा कठडा, पवित्र पाण्याचे भांडे हे सारे सिमेंट-काँक्रीटचे ओतीव काम. सिमेंट बांधाच्या कामावरचेच होते. दिवसा ज्या मालाचे ठोकळे होऊन समुद्रात पडत, त्याच मालाची संध्याकाळी प्रभूची वेदी होत होती.

वेदीमागील भिंतीवर कियोकेत्तीने पवित्र मरीया आणि बाळ येशू यांचे चित्र रंगवले. घर सोडताना आईने त्याच्या हाती एक लहानसे पवित्र चित्र दिले होते. निकोलो बाराबिनो या इटालियन चित्रकाराच्या ‘ऑलिव्हची माउली’ या चित्राची ती छापील प्रतिमा. आफ्रिकेतील लढाई, कैद, समुद्रप्रवास या सर्वांतून त्याने ती खिशात जपली होती. आपल्यातील किती आयांनी मुंबईला किंवा आखाताला निघालेल्या मुलाच्या पाकिटात असे चित्र सरकवले असेल! त्या तळहाताएवढ्या कागदावरून कियोकेत्तीने भिंतभर माउली साकारली. बाळ येशूच्या हाती शांतीची ऑलिव्ह फांदी आहे. भोवती देवदूत आहेत, त्यांपैकी एक आपली तलवार म्यानात घालतो आहे. दुसऱ्याच्या हाती मोएना गावाचे चिन्ह आहे : वादळातून निवांत पाण्याकडे येणारी होडी. दोन बाजूंच्या खिडक्यांवर रंगीत काचेचा आभास होईल असे संत फ्रान्सिस असिसीकर आणि संत कॅथरीन सिएनाकर रंगवले आहेत. १९३९ मध्ये, युद्ध सुरू होण्याआधी काही आठवडे, परमगुरू बारावे पायस यांनी या दोघांना इटलीचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले होते. छताच्या कमानीवर पवित्र आत्म्याचे पांढरे कबुतर आणि चारी शुभवर्तमानकारांची चिन्हे आहेत.

हे सारे एकट्या कियोकेत्तीचे काम म्हणून सांगण्याची प्रथा पडली आहे. ती मला थोडी अन्यायाची वाटते. बुत्तापास्ता हा सिमेंटकाम जाणणारा गवंडी होता. ज्युसेप्पे पालुंबी लोहार होता. वेदीपुढील नाजूक लोखंडी जाळी त्याने टाकाऊ लोखंडातून घडवली, आणि त्या एका जाळीपायी चार महिने खर्ची घातले. कोणी वीज जोडणारा, कोणी सुतार, कोणी नुसतेच रेती चाळणारा. ज्याला जे येत होते ते त्याने केले. परमप्रसाद ठेवण्याच्या पेटीसाठी लाकूड आले ते बुडालेल्या एका जहाजाचे. दिवे लावण्यासाठी मांसाच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे कापून कंदील केले. बाप्तिस्माकुंडाच्या आत मोटारीच्या धूर सोडण्याच्या नळीचा भाग असून त्यावर सिमेंट चढवले आहे, असे सांगतात. वेदीच्या बाजूचे सोनेरी पडदे तेवढे विकत घेतले. इंग्लंडमधील एक्सेटर शहरातून ते मागवले आणि त्यांचे पैसे कैद्यांनी आपल्या तुटपुंज्या भत्त्यातून भरले.

आतील भाग इतका देखणा झाला की बाहेरचे पत्र्याचे पिंप डोळ्यांना खुपू लागले. तेव्हा शेडच्या दर्शनी बाजूस काँक्रीटची भिंत उभारण्यात आली. तिला कमान, खांब, टोकदार कळस आणि वर घंटेसाठी लहानसा मनोरा. दारावर जोव्हान्नी पेन्निसी याने लाल मातीत घडवलेला, काट्यांचा मुकुट घातलेला प्रभू येशूचा चेहरा बसवला. तारेच्या काट्यांत वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसांनी दारावर नेमकी हीच प्रतिमा का निवडावी, हे सांगण्याची गरज नाही.

पालुंबीच्या जाळीविषयी एक कथा सांगितली जाते. तिच्या दाराच्या झडपा जेथे येऊन टेकतात तेथे जमिनीत त्याने लहानसे लोखंडी हृदय बसवले आहे. ऑर्कनीतील एका स्त्रीवर त्याचा जीव जडला होता. मायदेशी त्याची पत्नी वाट पाहत होती. तो आपल्या पत्नीकडे परतला आणि हृदय तेथे जमिनीत राहिले. आमच्यातील काही कर्मठ मंडळींना ही कथा देवळात शोभणारी वाटणार नाही. मला ती शोभते असे वाटते. त्या माणसाने जे द्यावयाचे ते वेदीसमोर टाकले आणि घरी गेला.

९ सप्टेंबर १९४४ रोजी कैद्यांना बेटावरून हलवण्यात आले. बाप्तिस्माकुंड अपुरे होते. ते पूर्ण करण्यासाठी कियोकेत्ती मागे थांबला. सोबत्यांची बोट गेली असताना, सुटकेची वाट दिसू लागली असताना, जेथे पुढे कोणाचाही बाप्तिस्मा होण्याचा संभव नव्हता अशा ओसाड बेटावर तो एकटा कुंडाची कड गुळगुळीत करीत बसला. या प्रसंगापाशी मी दरवेळी थबकतो. प्रार्थनामंदिर उभारल्याने कैद्यांना विरंगुळा मिळाला, त्यांचे मन रमले, असे अनेकांनी लिहिले आहे आणि ते खोटे नाही. परंतु विरंगुळा असता तर सुटका होताच तो संपला असता. पराभूत सैन्यातील क्रमांक लागलेला माणूस पुन्हा चित्रकार, लोहार, गवंडी झाला होता, आणि कारागीर आपले काम अर्धवट टाकून जात नाही.

युद्धानंतर छावणी मोडण्यात आली. झोपड्या गेल्या, वाफे गेले, बिलियर्डचे टेबल गेले. चॅपल आणि संत जॉर्ज मात्र राहिले. लॅम होमचे मालक पॅट्रिक सदरलंड ग्रीम हे ऑर्कनीत राजाचे प्रतिनिधी होते. या वास्तूची निगा राखण्याचा शब्द त्यांनी कैद्यांना दिला होता. येथे या इतिहासाचा दुसरा भाग सुरू होतो, आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे. कैद्यांनी मंदिर बांधून आपले मन सावरले हे समजण्यासारखे आहे. पण बेटवासीयांचे काय? ‘रॉयल ओक’ त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाली होती. त्यांची स्वतःची मुले इटलीच्या मित्रराष्ट्राशी लढताना कामी आली होती. त्यांच्या धर्मपरंपरेत मूर्ती, चित्रे, मेणबत्त्या यांना फारसे स्थान नव्हते. ते पत्र्याचे पिंप वाऱ्यापावसात कुजू दिले असते तरी कोणी त्यांना दोष दिला नसता.

तसे झाले नाही. माणसे ते पाहावयास येऊ लागली. ओलीने रंगाचे पोपडे पडू लागले तेव्हा १९५८ मध्ये स्थानिक लोकांनी जतन समिती स्थापन केली. हे बहुतेक प्रॉटेस्टंट नागरिक होते आणि त्यांच्यात एक येशूसंघीय धर्मगुरूही होते. बीबीसीने या चॅपलविषयी इटलीत ध्वनिक्षेपित केलेल्या कार्यक्रमातून कियोकेत्तीचा ठावठिकाणा लागला. तो मोएनातच होता. बीबीसीच्या खर्चाने १९६० च्या मार्चमध्ये तो पुन्हा ऑर्कनीत आला, यावेळी पाहुणा म्हणून. एका स्थानिक कारागिराला हाताशी धरून त्याने तीन आठवडे उडालेले रंग पुन्हा भरले. १० एप्रिल १९६० रोजी पुनःसमर्पणाची उपासना झाली. सुमारे २०० बेटवासी आले होते, आणि मोएनाच्या लोकांनी आपल्या घरी बसून ती उपासना नभोवाणीवर ऐकली. दिनदर्शिका चाळून पाहिली तेव्हा ध्यानात आले की तो झावळ्यांचा रविवार होता. इटलीत त्या दिवशी हातात झावळ्यांसह ऑलिव्हच्या फांद्या घेतात. ऑलिव्हच्या माउलीचे मंदिर पुन्हा खुले झाले ते नेमके त्या दिवशी.

परतताना कियोकेत्तीने ऑर्कनीवासीयांना पत्र लिहिले आणि हे चॅपल आता तुमचे आहे, तुम्ही ते जपावे, असा त्याचा आशय होता. कैद्याने आपल्या जेलरच्या देशाला भेट द्यावी आणि त्यांनी ती स्वीकारावी! त्यानंतर दोन गावांत देणेघेणे सुरू झाले. १९६१ मध्ये मोएनाकडून कोरीव क्रूसमूर्ती आली, ती चॅपलबाहेर रस्त्यालगत उभी आहे. तिचा क्रूस व छत्र ऑर्कनीतच बनवले गेले. १९६४ मध्ये कियोकेत्ती पत्नीसह पुन्हा आला आणि क्रुसाच्या वाटेची लाकडात कोरलेली चौदा स्थाने त्याने दिली. १९९२ मध्ये, पहिल्या कैद्यांच्या आगमनाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, आठ माजी कैदी परत आले. कियोकेत्ती प्रकृतीमुळे येऊ शकला नाही. १९९९ च्या मे महिन्यात, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्याने मोएनात डोळे मिटले. त्याने दिलेल्या चौदा स्थानांपैकी तीन २०१४ मध्ये चोरीस गेली. अशा जागीही चोर येतो, हेही नोंदवले पाहिजे.

म्हणून सारे घाव भरले असे मात्र म्हणता येणार नाही. लॅम होमपासून काही मैलांवर ‘रॉयल ओक’ अजून समुद्रतळाशी पडलेली आहे. ती युद्धस्मशान म्हणून संरक्षित आहे. दरवर्षी ऑक्टोबरात आरमाराचे पाणबुडे खाली उतरतात, तिच्यावरील जुने निशाण काढून नवे लावतात आणि वर येतात. बेटवासी दोन्ही गोष्टी सांभाळतात, पाण्याखालचे थडगे आणि बांधाच्या टोकावरचे चॅपल. एकासाठी दुसऱ्याला विसरावे असे त्यांना वाटलेले नाही.

उन्हाळ्याच्या महिन्यांत आजही तेथे मिस्सा अर्पण केली जाते. हिवाळ्यात वादळ उठले की लाटा ठोकळ्यांवरून रस्त्यावर फुटतात आणि बांध वाहतुकीस बंद ठेवावे लागतात. चॅपलचा पत्रा मात्र बारमाही घाम धरतो. ओल आतून झिरपते, रंग सुटतो, आणि ठरावीक वर्षांनी कोणीतरी शिडी लावून, बारीक कुंचला घेऊन, म्यानात जाणाऱ्या तलवारीचा फिकट झालेला निळा रंग पुन्हा भरू लागतो.